अकरावीचं गणित: घ्यायचं का, कोणतं घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने ठरवायचं

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीसमोर तोच प्रसंग घडतो. मुलगा पावती घेऊन उभा, मागे वडील, रांगेतले लोक कुरकुरतायत आणि अर्जातल्या ‘विषय’ या रकान्यापाशी पेन थांबलेलं. मग प्रश्न येतो, “सर, गणित ठेवू का टाकू?” दोन वर्षांचा आणि पुढच्या पदवीचा निर्णय त्या दीड मिनिटात होतो. बहुतेकदा मागे उभा असलेला मित्र जे म्हणेल ते लिहिलं जातं.

चूक होण्याचं कारण एकच. लोक सुरुवात दहावीच्या टक्क्यांपासून करतात. सुरुवात करायची ती बारावीनंतरच्या प्रवेशाच्या अटीपासून. आधी पुढची अट बघायची, मग गणिताचा प्रकार, मग स्वतःची तयारी, मग कॉलेज आणि सगळ्यात शेवटी अर्ज. खालचे टप्पे याच क्रमाने आहेत आणि क्रम मोडू नका. हे सगळं मुख्यतः राज्य मंडळाच्या मुलांसाठी आहे. सीबीएसईचा नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: ‘गणित’ नावाचे विषय किती, ते आधी ओळखा

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत ‘गणित आणि संख्याशास्त्र’ या एकाच नावाचे दोन स्वतंत्र विषय आहेत.

पहिला कला आणि विज्ञान शाखेचा, विषय क्रमांक ४०. अकरावीत त्रिकोणमिती, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, संमिश्र संख्या, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फल, सीमा, सांतत्य. बारावीत तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, सदिश, रेषा आणि प्रतल, विकलन, संकलन, विकल समीकरणं, संभाव्यता वितरण. नावात ‘कला’ आहे हे लक्षात घ्या. हा विषय कला शाखेतल्या मुलालाही घेता येतो, फक्त तो शिकवणारं कॉलेज सापडावं लागतं.

दुसरा वाणिज्य शाखेचा, विषय क्रमांक ८८. यातही विकलन, संकलन, मॅट्रिक्स आणि तर्कशास्त्र आहे. पण निम्मा भाग व्यवहाराचा: कमिशन, दलाली आणि सूट, विमा आणि वार्षिकी, प्रतिगमन, कालश्रेणी, निर्देशांक, लिनिअर प्रोग्रॅमिंग, असाइनमेंट प्रॉब्लेम. त्रिकोणमिती आणि सदिश यात नाहीत. ही गोष्ट पुढे एका ठिकाणी फार महाग पडते, ते टप्पा २ मध्ये येईल.

सीबीएसईत अकरावी-बारावीला ‘मॅथेमॅटिक्स’ (०४१) आणि ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ (२४१) असे दोन विषय आहेत. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. गोंधळ असा की दहावीत २४१ हाच क्रमांक ‘बेसिक’ गणिताचा असतो आणि ०४१ ‘स्टँडर्ड’चा. म्हणून नुसता आकडा सांगू नका, नावासकट सांगा.

तिसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर डिप्लोमाला गेलात तरी पहिल्या वर्षी गणित आहेच. ‘गणित नको म्हणून डिप्लोमा’ हे कारण देणारी मुलं दर वर्षी भेटतात. पहिल्याच सत्रात त्यांचा भ्रम फिटतो.

> तपासा: तुमच्या डोक्यातलं ‘गणित’ ४० आहे की ८८? उत्तर देता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: बारावीनंतरची अट कागदावर उतरवा

एक कोरा कागद घ्या. डावीकडे पुढे काय करायला आवडेल अशा तीन गोष्टी लिहा. एकच लिहू नका, पंधराव्या वर्षी एकाच गोष्टीवर पैज लावू नये. उजवीकडे प्रत्येकीसमोर दोन रकाने काढा: ‘अट म्हणून गणित लागतं का’ आणि ‘परीक्षेत गणित येतं का’. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. सर्वात जास्त फसगत इथेच होते.

अभियांत्रिकी. भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही हवेत, शंका नको. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात गणिताचा पेपर स्वतंत्र असतो: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत. जेईई मेनमध्ये तीन विषयांना समान वजन आहे आणि चुकीला गुण जातात.

वास्तुशास्त्र (बी.आर्क.). चित्रकला चांगली म्हणून इकडे वळणारी मुलं गणित टाकून बसतात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ही अट आहे. नाटा परीक्षेत कितीही गुण मिळवले तरी ती सुटत नाही.

औषधनिर्माणशास्त्र (बी.फार्म.). भौतिक आणि रसायनाबरोबर गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हीपैकी एक चालतं. ‘फार्मसीला जीवशास्त्र लागतंच’ हा गैरसमज.

आयसर. विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे आयसर, पुण्यात असल्यामुळे आपल्याकडची बरीच मुलं तिची प्रवेश परीक्षा देतात. तिच्या प्रवेश चाचणीत जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिक यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. म्हणजे गणित टाकलेल्या पीसीबीच्या (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) मुलालाही ६० पैकी १५ प्रश्न गणिताचे येतात. ‘अट नाही पण परीक्षेत आहे’ याचं हे नेमकं उदाहरण.

एनडीए. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन आणि गणित लागतं. पण लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो, आणि त्यात त्रिकोणमिती आणि सदिश आहेत. वाणिज्यचा मुलगा ८८ चं गणित घेऊन निर्धास्त राहतो आणि अर्जाच्या वेळी त्याला कळतं की हे दोन्ही भाग त्याने पाहिलेलेच नाहीत. एनडीए मनात असेल तर ४० घ्या. ते शक्य नसेल तर अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून हे दोन भाग बाहेरून करायची तयारी ठेवा.

सीए. बारावीला गणित नसलं तरी नोंदणी होते. पण फाउंडेशनच्या चारपैकी तिसरा पेपर व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे: वस्तुनिष्ठ, १०० गुणांचा, चुकीला पाव गुण कापणारा. माझं मत स्पष्ट आहे. सीए करायचं असेल तर वाणिज्यला गणित घ्या. क्लासवाले ‘आम्ही सगळं करून घेतो’ म्हणतात आणि करूनही घेतात, पण दोन वर्षांत हात बसणं आणि चार महिन्यांत सूत्रं घोकणं यात फरक पडतो.

संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संगणक. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. या अभ्यासक्रमांना बारावीत गणित आणि इंग्रजी असावं लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतं. बी.एस्सी. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्सला आपल्याकडची बरीच महाविद्यालयं गणित मागतात. इथे कॉलेजगणिक फरक आहे, म्हणून ज्या कॉलेजवर डोळा आहे त्याचंच माहितीपत्रक वाचा. कला शाखेत अर्थशास्त्र घेणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

वैद्यकीय. नीटमध्ये गणित नाही. वैद्यकीयच करायचं हे पक्कं असेल तर गणित नसल्याने काही अडत नाही. फक्त ‘पक्कं’ हा शब्द नीट तपासा.

> सावधान: ‘भाऊच्या वेळी असं होतं’ ही माहिती अट म्हणून धरू नका. प्रवेशाचे नियम दर वर्षी माहितीपुस्तिकेत छापले जातात. पुस्तिका चालू वर्षाची आहे ना, हे मुखपृष्ठावर बघा.

> तपासा: कागदावरच्या तीनपैकी एका जरी गोष्टीला गणित ‘अट’ म्हणून लागत असेल, तर तुमचा निर्णय निम्मा झाला आहे. गणित ठेवायचं. पुढचा प्रश्न इतकाच की ते पेलण्यासाठी आता काय करायचं.

टप्पा ३: तयारी मोजा, टक्के नव्हे

दहावीच्या गुणपत्रिकेवर गणिताचा एकच आकडा दिसतो. त्यात बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २० असे तीन तुकडे आहेत. अंतर्गत गुण जवळजवळ सगळ्यांना भरभरून मिळतात, म्हणून ते बाजूला ठेवा. ८५ गुण मिळालेल्या मुलाचे लेखीतले गुण ८० पैकी ६६ असू शकतात. शिवाय बीजगणित आणि भूमितीत तफावत किती, हे सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरून काढा. अकरावीला जास्त कामाला येतं ते बीजगणित. भूमितीची प्रमेयं पाठ करून ४० पैकी ३६ काढलेला मुलगा अकरावीत पहिल्या चाचणीला गडबडतो, याचं नवल वाटू नये.

आता ही छोटी चाचणी. २५ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही, गाइड नाही.

१. ३/क्ष मधून २/(क्ष + १) वजा करा. उत्तर एकाच अपूर्णांकात.
२. २क्ष² − ७क्ष + ३ = ० सोडवा.
३. √(९ + १६) किती?
४. (२, ३) आणि (५, ९) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ आणि समीकरण.
५. साइन थीटा = ५/१३, थीटा लघुकोन. कॉस आणि टॅन काढा.
६. ७, ११, १५, … या श्रेढीचं २०वं पद.
७. (२³ × २⁵) ÷ २⁶
८. तीन नाणी फेकली. किमान दोन छापे पडण्याची संभाव्यता?

उत्तरं: १) (क्ष + ३) / क्ष(क्ष + १). २) १/२ आणि ३. ३) ५. ४) चढ २, समीकरण य = २क्ष − १. ५) १२/१३ आणि ५/१२. ६) ८३. ७) ४. ८) ४/८, म्हणजे १/२.

सात-आठ बरोबर असतील तर पुढच्या टप्प्यावर जा. चार ते सहा असतील तर गणित घ्या, पण कॉलेज सुरू होण्याआधी तीन आठवडे द्या. तीन किंवा कमी आली आणि टप्पा २ नुसार गणित लागतच नसेल, तर ते टाकायला मुळीच लाजू नका. तीन किंवा कमी आली पण गणित लागतंच, तर तीनऐवजी पाच आठवडे द्या आणि पहिल्या आठवड्यात फक्त पहिला आणि दुसरा प्रश्न जिथून आला ते करा.

किती चुकलं यापेक्षा काय चुकलं ते जास्त सांगतं. तिसऱ्याचं उत्तर ७ लिहिणारा मुलगा आळशी नसतो. त्याला वर्गमूळ प्रत्येक संख्येचं वेगळं काढता येतं असं मनापासून वाटतं. तोच मुलगा (अ + ब)² चा विस्तार अ² + ब² करतो आणि पुढे विकलनात दोन फलांच्या गुणाकाराचं विकलन म्हणून दोन विकलनांचा गुणाकार करून ठेवतो. चूक एकच, तीन इयत्तांत तीन रूपं. ती दहावीच्या सुट्टीत सापडली तर आठ दिवसांत जाते. बारावीत सापडली तर पेपर तपासणारा सापडवतो.

तीन आठवड्यांची मांडणी अशी. पहिला आठवडा: अवयव, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, घातांक. रोज तीस उदाहरणं, छोटी. कंटाळवाणं आहे, त्याला इलाज नाही. दुसरा आठवडा: वर्गसमीकरणं, दोन चलांतील समीकरणं आणि त्यांचे आलेख हाताने. तिसरा आठवडा: निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती. दहावीची त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणात राहते. अकरावीचं पहिलंच प्रकरण कोन रेडियनमध्ये मोजायला लावतं आणि कोन ९० अंशांच्या पलीकडे जातात. १८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन एवढं आणि ३०, ४५, ६० अंशांच्या किमती तोंडपाठ असतील तर जूनमधला पहिला धक्का बराच सौम्य होतो. ८८ घेणाऱ्यांनी त्रिकोणमिती सोडून त्या वेळात शेकडेवारी आणि सरासरी करावी.

> सावधान: या तीन आठवड्यांत अकरावीचं पुस्तक उघडू नका. ‘पुढचं आधी करून ठेवू’ या नादात पाया कच्चा राहतो आणि जूनमध्ये ‘हे मला येतं’ असं वाटून लक्ष उडतं.

टप्पा ४: गणिताभोवतीचे विषय जुळवा

विज्ञान शाखेत इंग्रजी, भौतिक आणि रसायन ठरलेले. राहतात गणित, जीवशास्त्र, द्वितीय भाषा किंवा आयटी, आणि काही ठिकाणी बायफोकल.

पीसीएम: गणित आहे, जीवशास्त्र नाही. अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्र ठरलेलं असेल तर हाच गट. उरलेल्या जागी भाषा, आयटी किंवा बायफोकल.

पीसीबी: गणित नाही. वैद्यकीय पक्कं असलेल्यांसाठी.

पीसीएमबी: दोन्ही. पालकांचा लाडका गट, कारण ‘दोन्ही दारं उघडी’. दारं उघडी राहतात हे खरं, पण आठवड्याचे तास वाढत नाहीत. आठवी-नववीपासून ज्याला रोज दोन तास न उठता बसायची सवय आहे त्याने घ्यावा. ज्याने निर्णय पुढे ढकलण्यासाठी घेतला तो ऑक्टोबरपर्यंत दोन्हीकडे मागे पडलेला दिसतो. माझ्या वर्गात हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी पीसीएमबी मागणाऱ्याला आधी विचारतो, “नको असलेला विषय कधी सोडणार, तारीख सांग.”

बायफोकल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा २०० गुणांचा विषय. तो घेतला की द्वितीय भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. सुटणारा विषय जीवशास्त्र आहे, गणित नव्हे, याची खात्री अर्जावर करा. हे लिहिणं वेडेपणाचं वाटेल, पण खिडकीवर घाईत उलटं लिहून गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

वाणिज्यला निवड साधी: गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे मुलांच्या भाषेत एसपी. बाकी अर्थशास्त्र, बीके (पुस्तपालन), ओसी (वाणिज्य संघटन) ठरलेले. ‘एसपी पाठांतराचा, म्हणून सोपा’ असं म्हणतात. पाठांतर जमणाऱ्याला तो सोपा आहेच. पण गणिताच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात आणि पाठांतराच्या उत्तरात गुण कुठे गेले ते कळत नाही, हेही लक्षात ठेवा.

टप्पा ५: कॉलेजला पाच प्रश्न विचारा, मगच पसंतीक्रम भरा

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. अर्जाचा पहिला भाग तुमच्या माहितीचा, दुसरा पसंतीक्रमाचा. पोर्टलवर तुम्ही कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडता. गणित की जीवशास्त्र, गणित की एसपी, हे ठरतं नंतर, कॉलेजच्या विषय-अर्जावर. म्हणजे जागा मिळाली तरी हवा तो विषय मिळेलच असं नाही. शिवाय पहिल्या पसंतीचं कॉलेज लागूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागतं. म्हणून चौकशी आधी, पसंतीक्रम नंतर.

फोनवर नाही, प्रत्यक्ष जाऊन विचारा:

१. तुमच्याकडे या वर्षी ४० (किंवा ८८) शिकवलं जातं का? किती तुकड्या?
२. गणिताचे शिक्षक पूर्णवेळ आहेत का?
३. आठवड्याला तास किती, आणि ते प्रत्यक्ष होतात का? हा प्रश्न कार्यालयात नको, आवारात भेटलेल्या बारावीच्या मुलांना विचारा.
४. वाणिज्यला गणिताच्या जागा भरल्या तर एसपीत टाकतात का?
५. शिकवण्याची भाषा कोणती?

टायअप हा शब्द ऐकला की तिसरा प्रश्न दोनदा विचारा. नाव कॉलेजचं, शिकवणी क्लासची आणि हजेरी कागदावर, अशी व्यवस्था काही ठिकाणी चालते. मंडळाची ७५ टक्के हजेरीची अट मात्र तुमच्या नावावर असते.

भाषेचा मुद्दा मराठी माध्यमाच्या मुलांसाठी खास. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनाचे प्रश्न मराठीत मिळतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. जेईई मेन मराठीत देता येते, जेईई अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. तेव्हा अकरावीपासून गणित इंग्रजीत लिहायची सवय लागलेली बरी.

> सीबीएसईच्या मुलांसाठी: मूळ नियमाने दहावीत बेसिक गणित घेतलेल्याला अकरावीत ०४१ मिळत नाही. मंडळाने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत, पण त्या सवलती संबंधित वर्षापुरत्याच. चालू वर्षाचं परिपत्रक शाळेकडून हातात घ्या. नववी-दहावीत असाल तर पुढे गणिताची थोडी जरी शक्यता असेल तेव्हा स्टँडर्डच घ्या.

टप्पा ६: विषय-अर्ज भरताना

टप्पा २ चा कागद खिशात ठेवून रांगेत उभे राहा. तो नसेल तर रांग सोडा.

विषयाचं नाव लिहा आणि जागा असेल तर क्रमांकही लिहा. सगळे विषय मोजा. बायफोकल घेत असाल तर भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही अर्जावर आहेत का, ते बोट ठेवून वाचा. अर्जाची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो, शिक्का मारल्यानंतरचा. पहिल्या आठवड्यात हजेरीपटावर आपलं नाव गणिताच्या तुकडीत आहे का, हे शिक्षकांना विचारा.

हीच तपासणी बारावीत पुन्हा करायची आहे. मंडळाचा परीक्षा अर्ज भरल्यावर कॉलेजकडे प्री-लिस्ट, म्हणजे तपासणीसाठीची यादी येते. तिच्यावर सही करताना मुलं फक्त नावाचं स्पेलिंग बघतात. विषयांचे क्रमांकही वाचा. ४० च्या जागी दुसरा आकडा पडला असेल तर तो इथे सहज दुरुस्त होतो, हॉल तिकीट हातात आल्यावर धावपळ होते.

टप्पा ७: पहिले साठ दिवस

‘अकरावी म्हणजे सुट्टी’ ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महाग चूक. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा आहे: सरळ रेषा, वर्तुळ, संमिश्र संख्या, सीमा, सांतत्य ही प्रकरणं त्यात येतात. जेईईत तर अकरावी पूर्णच. आणि सीमा न समजता बारावीचं विकलन म्हणजे नुसती सूत्रांची यादी.

पुस्तक बालभारतीचंच वापरा. ई-बालभारतीवर ते मोफत मिळतं. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणून मोठ्या भावाचं जुनं पुस्तक वापरण्याआधी आवृत्ती ताडून बघा. पहिल्या साठ दिवसांत संदर्भग्रंथ विकत घेऊ नका. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः सोडवायची, मग ताडायची, एवढंच करा.

वह्या दोन. एकीत वर्गातलं. दुसरीत फक्त चुका: कोणतं उदाहरण, कुठल्या ओळीत चुकलं, का चुकलं. ही दुसरी वही परीक्षेआधी पहिल्या वहीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मराठी माध्यमाच्या मुलांनी तिसरी, छोटी वही ठेवावी, शब्दांची. विकलन म्हणजे डिफरन्शिएशन, संकलन म्हणजे इंटिग्रेशन, सदिश म्हणजे व्हेक्टर, निश्चयक म्हणजे डिटरमिनंट हे आठवडाभरात बसतं. अडवतात ते साधे शब्द. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त. वरचं तीन नाण्यांचं उदाहरण घ्या: किमान दोन छाप्यांची संभाव्यता ४/८, जास्तीत जास्त दोन छाप्यांची ७/८. गणित येत असूनही एका शब्दाने दोन गुण जातात. ‘इफ अँड ओन्ली इफ’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘डिस्टिंक्ट’ हे शब्दही याच वहीत.

बारावीचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, उरलेले २० प्रात्यक्षिक-अंतर्गत. बहुपर्यायी प्रश्न वगळता पुढच्या विभागांत प्रश्नांची निवड भरपूर मिळते. त्यामुळे एखादं प्रकरण अजिबात न जमणाऱ्यालाही चांगले गुण मिळतात. ही सवलत सीईटीत नाही. फक्त मंडळाचा विचार करून प्रकरणं ‘ऑप्शनला’ टाकणारी मुलं दोन महिन्यांनी तीच प्रकरणं रडत करतात.

> तपासा: पहिल्या चाचणीत ३५ टक्क्यांहून कमी मिळाले तर आधी चुकांची वही उघडा. चुका बीजगणिताच्या असतील तर टप्पा ३ पुन्हा करा आणि गणित ठेवा. चुका नव्या संकल्पनांच्या असतील आणि टप्पा २ मध्ये गणिताची अट नसेल, तर बदलाचा विचार करायची वेळ हीच आहे.

टप्पा ८: निवड चुकली असेल तर

अकरावीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत विषय बदलणं सोपं असतं. प्राचार्यांच्या नावे अर्ज, पालकांची सही, हव्या त्या तुकडीत जागा. दिवाळीनंतर ते अवघड होतं. अकरावीत सोडलेलं गणित बारावीत उचलता येईल असं गृहीत धरू नका. गणित सोडणं आणि नंतर परत घेणं, या दोन्हीत पहिलं कितीतरी सोपं आहे. म्हणून शंका असेल तर आधी घ्या, नंतर सोडा.

गणिताशिवाय बारावी झाली आणि आता लागतंय, अशांना तीन वाटा आहेत. राज्य मंडळात ‘तुरळक विषय’ म्हणून एकाच विषयाची परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही काही विषयांपुरता प्रवेश मिळतो. आणि तंत्रनिकेतनाच्या वाटेने गेलात तर डिप्लोमा पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पहिल्या दोन वाटांत एक काम फी भरण्याआधी करा. ज्या अभ्यासक्रमाला जायचं आहे त्याच्या प्रवेश यंत्रणेला ईमेल पाठवून विचारा, की वेगळ्या वर्षी, वेगळ्या गुणपत्रिकेवर मिळवलेले गणिताचे गुण पात्रतेसाठी धरले जातात का. उत्तर लेखी मिळेपर्यंत परीक्षेचा अर्ज भरू नका. तोवर टप्पा ३ ची चाचणी सोडवून बघा.